घरचं बी

"दुधी खोड," आत्ती म्हणाल्या.

मी कार्डावर दुधी लिहून भेंडीकडं वळले होते. पेन तसंच हवेत राहिलं.

"खोड म्हटलं न्हवं?"

"एक पुडी तर आहे, आत्ती."

"पुडी असू दे न्हाईतर पोतं असू दे. दुधीचं बी घरचं हाय आपलं. ते कशाला पुण्यास्नं आणायचं?"

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या सांगली-मिरजेकडं सासूला आत्ती म्हणतात आणि सासऱ्यांना मामंजी. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि मिरजेच्या रेल्वेलाइनीपलीकडच्या त्या घरात माझ्यावर सोपवलेलं हे पहिलंच मानाचं काम होतं, बियाण्याचं कार्ड लिहिण्याचं. दर वैशाखात आत्ती मागच्या दारी पायरीवर बसायच्या, पुढ्यात पत्र्याचे डबे घ्यायच्या, कुठलं बी उरलंय आणि कुठल्याला कीड लागलीय ते चाळून बघायच्या, आणि मग पुण्याच्या एका बियाण्यांच्या दुकानाला कार्ड जायचं. परडं ते केवढं, दोन बाजा टाकल्या तर भरून जाईल. पण त्यात काय लावायचं हे ठरवताना आत्तींचा थाट मोठ्या बागायतदारणीचा असायचा. त्यांना लिहिता फारसं येत नव्हतं. आधी नणंद इंदुवन्सं लिहायच्या, त्या लग्न होऊन जयसिंगपूरला गेल्या, आणि आता पेन माझ्या हातात आलं होतं. कार्डाखाली नाव मात्र दर वर्षी एकच, सौ. गोदाबाई पाटोळे. पार्सल आलं की पोस्टमन दारातनं तेच नाव पुकारायचा. वर्षभरात त्यांच्या नावानं येणारं टपाल तेवढं एकच.

"आत्ती, गेल्या साली कुंपणावर मामंजींचा तंबोऱ्याचा भोपळा होता ना?" मी विचारलं.

"हुता. मग?"

"आमचे आबा म्हणतात, कडू भोपळा जवळ असला तर त्या साली दुधीचं बी धरू नये. पुढच्या साली वेल कडू निघतो."

माझं माहेर तासगावकडचं, भाजीपाल्याचं रान असलेलं. आबांनी सांगितलेलं मी तसंच पुढं ठेवलं होतं. पण सासरी येऊन महिनाभर झालेल्या सुनेनं माहेरच्या आबांचा दाखला द्यायचा म्हणजे काय, ते मला आत्तींच्या भुवईवरून लगेच कळलं.

"त्यो कुंपणावर, ह्यो मांडवावर. आन् गेल्या साली ह्याच वेलाचा दुधी साऱ्या गल्लीनं खाल्लाय. लोण्यावानी हुता. विचार मामंजींना."

मामंजी आत सोप्यात तंबोरा पुसत बसले होते. रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. दोनच गोष्टींत जीव, भजन आणि तंबोरा. तंबोरे बनवणाऱ्या एका मित्रानं त्यांना भोपळ्याचं बी दिलं होतं, तेच त्यांनी गेल्या साली हौसेनं कुंपणावर चढवलं होतं. त्या वेलाला आलेला घागरीएवढा भोपळा सोप्याच्या तुळईला वाळत टांगला होता. त्याचा तंबोरा करून घ्यायचा म्हणून ते येता-जाता त्यावर टिचकी मारून बघायचे.

"लोण्यावानीच हुता," ते आतनं म्हणाले. "पर सासू-सुनेच्या भांडणात मला साक्षीला बोलवू नका."

मी दुधी खोडला. पण कार्ड पेटीत टाकायला मलाच धाडलं. पेटीशी उभं राहून मी अगदी खाली, नावाच्या वर उरलेल्या बोटभर जागेत, बारीक अक्षरात 'दुधी, एक पुडी' लिहून टाकलं. माझा स्वभावच तसा. तोंडावर हो म्हणायचं आणि मागं आपलंच करायचं, हे माझी आई मला लहानपणापासनं ऐकवत आली होती.

पार्सल आलं. आत्तींनी एकेक पुडी काढून मांडीवर ठेवली. दुधीची पुडी हातात आल्यावर तिच्यावरचं चित्र त्यांनी बराच वेळ बघितलं. मी चुलीपाशी नुसती उभी, आता काय ऐकायला मिळतंय म्हणून.

"लाव की," त्या म्हणाल्या. "मांडवाच्या त्या अंगाला. बघूया तरी पुण्याचं पाणी."

मग काय, एका मांडवावर दोन वेल. डाव्या अंगाला आत्तींचा, उजव्या अंगाला माझा. आत्ती सकाळी आपल्या वेलाला पाणी घालायच्या, माझ्याला मी. शेजारणी कुंपणावरनं विचारायच्या, कुणाचा पुढं गेला? आत्तींचा वेल सरसर चढला, माझा जरा रेंगाळत. श्रावण निम्मा झाला तोवर दोघेही वर जाऊन एकमेकांत असे गुंतले की कुठलं पान कुणाचं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. फळं धरली तशी आत्तींच्या मुद्रेवर तेज आलं. त्यातलं एक मांडवाच्या मध्यावर लोंबत होतं, तुकतुकीत, बुडाशी चांगलं गोल. आत्तींनी त्याला लाल नाडा बांधला.

"हे गौरीचं. पहिलं फळ देवीचं. तवर कुठल्याच वेलाचं काय तोडायचं न्हाई."

मामंजी खालनं मान वर करून बघत म्हणाले, "गोदे, ह्याचा तंबोरा हुतोय बघ. बूड बघ की त्याचं."

आम्ही सगळे हसलो. आत्तीसुद्धा हसल्या. आता आठवलं की ते हसणं मला अजून बोचतं.

गौरी आल्या. त्याच दिवशी इंदुवन्सं माहेरपणाला आल्या. आल्या आल्या त्यांनी परड्यात डोकावलं तेव्हा मी पुरचुंडीत चुलीतली राख बांधून दोन्ही वेलांवर झटकत होते, कारण पानांवर तांबडे किडे पडले होते. वन्संनी नाकाला पदर लावला आणि आत गेल्या. पण त्यांची नजर अशी की मी नुसती भांडी घासत असले तरी चोरी करते आहे असं वाटावं.

पूजनाच्या दिवशी आत्ती म्हणाल्या, "खीर कांचननं करायची. तिची पहिली गौर हाय." मला एवढा आनंद झाला की विचारू नका. भल्या पहाटे नाहून, ओलेत्यानं मांडवाखाली गेले, नाड्याचा दुधी कापला, आणून विळीवर सोलला. किसणी घेऊन बसले. पांढराशुभ्र, रसाळ कीस पडत होता. रोजच्या स्वयंपाकात दुधी किंवा काकडी चिरली की आधी एक फोड तोंडात टाकायची, कडू तर नाही ना ते बघायचं, ही आईनं लावलेली सवय. हात आपोआपच चालतो. मी दुधीची एक पातळ कापटी उचलली आणि तोंडाकडं नेली.

"कांचन!"

आत्ती दारात उभ्या होत्या. माझा हात ओठांशी थांबला.

"नैवेद्य हाय त्यो! देवीच्या आधी तू खाणार?"

"चुकून, आत्ती. सवयीनं..."

"टाक ती फोड. हात धू. आन् पुन्यांदा न्हा म्हटलं असतं, पर येळ न्हाई."

वन्सं पुरण वाटत होत्या. त्यांनी पाटा थांबवून बघितलं आणि पुन्हा वाटायला लागल्या. मी फोड टाकली, हात धुतले, आणि कानाच्या पाळ्या गरम झालेल्या तशाच खाली मान घालून किसत राहिले. मग दूध आटवलं, साखर घातली, वेलदोडा घातला. खीर दिसायला अशी झाली की माझं मलाच कौतुक वाटलं. चव बघितली नाही, वासावरच समाधान मानलं.

नैवेद्य दाखवला. आमच्या घरात नैवेद्याचं ताट घरातल्या कर्त्यानं जेवायचं आणि त्यात काही टाकायचं नाही अशी रीत. मामंजी सकाळपासनं उपाशी होते. पाटावर बसले, चित्रावती घातली आणि पहिल्यांदा खिरीचीच वाटी तोंडाला लावली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. माझे हे, मुरलीधर, बाजूला पंख्यानं वारा घालत होते. वन्सं वाढायला उभ्या.

एक घोट घेऊन मामंजी थांबले. वाटी खाली आली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वन्संकडं, मग पुन्हा माझ्याकडं. आणि हसले.

"वा," ते म्हणाले. "काय खीर झालीया."

आणि त्यांनी वाटी उचलून एका दमात रिकामी केली.

"आणखी वाढू, नाना?" वन्संनी विचारलं.

"वाढ. आन् ऐका, बाकीची कुणाला वाढू नका. सगळी माझ्यासाठी झाकून ठेवा. रातच्याला घेतो."

"असं कसं? आम्हाला नको व्हय?" हे हसून म्हणाले.

"तुम्हाला पुरणपोळी हाय की. खीर माझी. गार्डाची ड्यूटी केलेल्या माणसाला एवढा हक्क द्या."

सगळे हसले. मी तर दाराआड हरखून उभी. दुसरी वाटीही त्यांनी संपवली, ताट स्वच्छ केलं, आणि आत जाऊन कॉटवर आडवे झाले.

आमची पानं अजून मांडलीही नव्हती तेवढ्यात आतनं आवाज आला. मी धावले. मामंजी कॉटच्या कडेवरून खाली वाकले होते. पहिली उलटी नुसतीच झाली, दुसरीत रक्त दिसलं. त्यांचे हातपाय बर्फासारखे गार. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. "पोटात आग पडलीया," एवढंच ते म्हणाले आणि डोळे मिटले. ह्यांनी त्यांना उचललं, शेजारचे दोघं धावले, रिक्षा आली आणि वळणाआड गेली. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही म्हणून बरं. आत्ती निघाल्या होत्या, पण रिक्षात जागा नव्हती.

घरात आम्ही तिघी राहिलो. आणि सजवलेल्या दोन गौरी.

वन्सं सरळ स्वयंपाकघरात गेल्या. खिरीचं झाकण काढलं, बोट बुडवून जिभेला लावलं, आणि पुढच्याच क्षणी मोरीत थुंकल्या.

"कडूजहर हाय! आई, कडूजहर! नाना हे प्याले? दोन वाट्या?"

मी पुढं होऊन पातेल्यात बोट घातलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. साखर, वेलदोडा, सगळ्याच्या खालनं तो कडूपणा घशापर्यंत चढला आणि तिथंच चिकटला.

"काय घातलंस ह्यात?" वन्सं माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काही नाही. दूध, साखर, दुधी..."

"काल वेलावर पांढरं काय झटकत हुतीस? मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"राख होती. चुलीतली."

"राख! आन् न्हाणीत ढेकणाच्या पावडरीचा डबा हाय, तो निम्मा कुणी केला?"

तो डबा आत्तींनीच गौरीआधी कॉटांना लावायला काढला होता. मी आत्तींकडं बघितलं. त्या गौरींसमोर पाठमोऱ्या उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत पुरणानं माखलेले. वळल्या नाहीत. मला वाटलं, आता हे घर माझं राहत नाही. मामंजींना काही झालं तर जन्मभर माझ्याकडं बोट दाखवतील, आणि नाही झालं तरी ही गोष्ट जयसिंगपूरपासनं तासगावपर्यंत जाईल. पाटोळ्यांच्या नव्या सुनेनं पहिल्या गौरीला सासऱ्याला विष घातलं. माझे आबा हे ऐकून कसे उभे राहतील, तेच डोळ्यांपुढं येत होतं.

दवाखान्यातनं कुणाची तरी मागून आणलेली सायकल दारात आदळली. हे आत आले, धापा टाकत.

"नानांचं बी.पी. एकदम खाली गेलंय. डॉक्टर विचारतायत, भाजीवर औषध मारलं हुतं का? मारलं असंल तर त्याच्यावरचं इंजेक्शन येगळं हाय, ते लगेच द्यायला पायजे. आन् औषध नसताना ते दिलं तर नानांना झेपायचं न्हाई म्हणतायत. मला नक्की सांगा. लवकर."

"हिला विचार," वन्सं म्हणाल्या. "काल दिवसभर वेलावर पावडर उडवत हुती."

"राख होती हो! शपथ घेते."

"आन् नाड्याचा दुधी तिच्याच वेलाचा हुता. त्या अंगालाच लोंबत हुता. पुण्याचं बी! आईचा वेल पिढ्यान्पिढ्या चाललाय, कधी कडू निघाला न्हाई."

ह्यांनी माझा दंड धरला. जोरात नाही, पण धरला.

"कांचन, खरं सांग. डब्यातलं काही लावलं हुतंस? चुकून झालं असंल तरी सांग. कुणी काय बोलणार न्हाई."

तेवढं मात्र मला सहन झालं नाही. वन्सं म्हणाल्या त्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं. "मी चव बघत होते!" मी ओरडले. "फोड तोंडाशी नेली होती मी. मला आत्तींनीच..."

आणि आत्ती वळल्या.

त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. माझ्या डोक्यावरनं पलीकडं, सोप्याच्या तुळईला टांगलेल्या त्या वाळक्या भोपळ्याकडं बघत होत्या. त्या क्षणी त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं. पुण्याची पुडी होती, माहेरचा तोरा मिरवणारी सून होती, आणि पोटची पोरगी त्यांच्या वतीनं बोलत होती. त्या एक शब्द न बोलत्या तरी सगळं माझ्याच अंगावर आलं असतं.

"विळा कुठं हाय?" त्या म्हणाल्या.

"आई, विळा कशाला? मुरलीला जायचंय..."

"विळा दे, कांचन."

मी दिला. त्या तशाच पुरणाच्या हातांनी परड्यात गेल्या. आम्ही तिघं मागोमाग. आत्ती मांडवाच्या उजव्या अंगाला खाली बसल्या, माझ्या वेलाचा बुंधा धरला, आणि तिथनं हात वर वर नेत, पानं बाजूला सारत, एका कोवळ्या फळाशी येऊन थांबल्या. कापलं. सालीसकट चावा घेतला. चावलं. गिळलं.

"गोड," त्या म्हणाल्या. कुणाला सांगत होत्या कोण जाणे.

मग डाव्या अंगाला गेल्या. आपल्या वेलाचा बुंधा धरला. हात वर चढत गेला, पाय उंचावले, मांडवाच्या मध्यापर्यंत आला आणि एका देठाशी थांबला. सकाळी मी कापलेला देठ तो. चीक वाळून चकाकत होता. तो देठ त्यांच्या वेलाचा होता.

"आई, राहू दे," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वेगळाच होता.

आत्तींनी त्याच वेलाचं शेजारचं फळ कापलं आणि त्याचा लचका तोडला. त्यांचं सगळं तोंड गोळा झालं. खांदे वर आले. पण त्यांनी लगेच थुंकलं नाही. डोळे मिटून ती फोड तशीच जिभेवर धरली, जणू आपल्या माणसानं जे गिळलं ते आपण नीट ओळखून घ्यायला हवं. मग बाजूला वाकून थुंकल्या, दोनदा, तीनदा.

"मुरली," त्या म्हणाल्या, "औषध न्हाई. दुधी कडू हाय. माझा. बी माझं."

"नक्की न्हवं, आई? इंजेक्शनचा परश्न..."

"जीभ जळतीया माझी अजून. आणि काय नक्की पायजे? हे घिऊन जा, दाखव डाक्टरला." त्यांनी उरलेला दुधी त्यांच्या हातात कोंबला. "आन् पुढं ऐक, इंदे, तूबी ऐक. पोरगी चव बघाय निघाली हुती. म्या हात धरला. तिनं बी घ्यायच्या वक्ताला सांगितलं हुतं, तेबी म्या ऐकलं न्हाई. आता जा."

सायकल गेली. वन्सं पायरीवर मट्‌दिशी बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. आत्ती रडल्या नाहीत. त्यांनी खाली वाकून आपल्या वेलाच्या बुंध्यावर विळा घातला. एका घावात तुटला नाही. मी पुढं जाऊन बुंधा घट्ट धरला. मग तुटला.

मी तांब्याभर पाणी आणलं. त्यांनी चुळा भरल्या, पुन्हा भरल्या.

"जात न्हाई," त्या म्हणाल्या. "कडूपणा जात न्हाई गं."

"साखर आणू?"

"नगं. असू दे."

ती दुपार कशी गेली ते मला सांगता येणार नाही. गौरींपुढची समई विझायला आली की मी तेल घालत होते. आत्ती उंबऱ्यावर बसून रस्त्याकडं बघत होत्या. दिवेलागणीला हे आले ते सायकलवरनं उतरायच्या आधीच ओरडले, "बी.पी. चढतंय! रक्त थांबलं! ते इंजेक्शन दिलं न्हाई, नुसतं सलाइनवर ठेवलंय." आत्ती उठायला लागल्या. मी हात दिला. तो हात त्यांनी नंतरही बराच वेळ सोडला नाही.

मामंजींना काही दिवस दवाखान्यात राहावं लागलं. मी पेज घेऊन जायचे. एक दिवस खोलीत दुसरं कुणी नव्हतं तेव्हा मी विचारलंच.

"मामंजी, पहिल्या घोटालाच कळलं असेल ना?"

"कळलं की. कडू कळत न्हाई व्हय माणसाला?"

"मग वाटी बाजूला का नाही ठेवलीत?"

त्यांनी हातातली पेजेची वाटी खाली ठेवली.

"इंदू समोर हुती. माझीच पोरगी हाय, तिचं तोंड मला ठावं न्हाई? तुझी पहिली गौर. एक वाटी खाली ठेवली असती की जन्मभर तुला ऐकाय लागलं असतं. म्हटलं, कडूच हाय, पोटात गेल्यावर काय करतंय?"

"आणि सगळी खीर मला ठेवा म्हणालात ते?"

"रातच्याला परड्यात ओतणार हुतो. हळूच. कुणाला कळलं नसतं."

मी तिथंच कॉटच्या दांडीवर डोकं टेकलं आणि रडले. कुणी बघेल याचीही लाज वाटली नाही. माझ्या आबांनीसुद्धा माझ्यासाठी एवढं केलं असतं की नाही, मला माहीत नाही. मामंजींनी थोडा वेळ मला रडू दिलं.

"बास आता," ते म्हणाले. "पेज गार हुतीया. आन् ह्या पेजेची चव बघून आणलीस न्हवं?"

पुढच्या वैशाखात आत्ती पायरीवर बसल्या. पुढ्यात डबे. मी कार्ड घेऊन समोर. भेंडी सांगितली, गवार सांगितली, दोडका सांगितला. मग दुधीचा डबा उघडला, तो रिकामाच होता, आणि त्या त्याच्यात बघत बसल्या.

"दुधी लिही," त्या म्हणाल्या. "आन् खाली नाव तुझं घाल. हितनं पुढं तूच मागवत जा."

मी मान डोलावली आणि 'सौ. कांचन पाटोळे' असं लिहिलं. पण कार्ड पेटीत टाकायला मीच गेले होते, आणि स्वभाव काही एका वर्षात जात नाही. पेटीशी उभं राहून मी ते नाव खोडलं. पुढं पार्सल आलं तेव्हा पोस्टमननं दारातनं गोदाबाई पाटोळे म्हणून हाक मारली. आत्तींनी माझ्याकडं बघितलं. पदराला हात पुसून पुढं झाल्या आणि सही केली.

गौरी आल्या. वन्सं आल्या. त्या वर्षी मांडवावर वेल एकच होता, आणि त्याच्या पहिल्या फळाला आत्तींनी नेहमीसारखाच लाल नाडा बांधला होता. पूजनाच्या सकाळी मी ते फळ सोललं आणि किसणी पुढ्यात ओढली. हात मात्र चालेना. सोप्यात मामंजी पूजेच्या पाटावर येऊन बसले होते, त्यांचं खाकरणं ऐकू येत होतं. मी दुधीकडं बघत राहिले, आणि मग मनाचा हिय्या करून एक कापटी उचलली.

"थांब," आत्ती म्हणाल्या.

मी थांबले. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, माझ्या हातातली कापटी घेतली, आणि समोर गौरी उभ्या असताना, वन्सं बघत असताना, स्वतःच्या तोंडात टाकली. डोळे मिटले. सावकाश चावली.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "किस."